गुण आलेला रुग्ण : निसर्गोपचारकाच्या घडणीविषयी

वैद्यकाच्या इतर शाखांत माणूस आधी शिकतो आणि मग रोग्याला हात लावतो. निसर्गोपचाराच्या इतिहासात हा क्रम जवळजवळ नेमाने उलटा झालेला दिसतो. तेथे माणूस आधी आजारी पडतो, डॉक्टरांनी हात टेकल्यावर पाणी, माती, उपास, ऊन यांपैकी कशाने तरी बरा होतो, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना तेच उपचार सांगू लागतो, आणि पदवी, परवाना व दवाखान्याची पाटी या गोष्टी, आल्याच तर, सगळ्यांत शेवटी येतात. शरीराला स्वतःला दुरुस्त करण्याची शक्ती असते, चिकित्सकाचे काम त्या शक्तीच्या वाटेतले अडथळे दूर करण्यापुरते असते, आणि त्यासाठी औषधांऐवजी आहार, लंघन, जलोपचार, मातीच्या पट्ट्या, मर्दन, सूर्यस्नान व विश्रांती ही साधने पुरेशी असतात, असे मानणारी पद्धती म्हणजे निसर्गोपचार. अशा पद्धतीकडे वळलेल्या माणसाचा विचार करताना त्याने काय वाचले याच्याआधी त्याला काय झाले होते हे विचारावे लागते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हाच आहे: गुण आलेल्या रुग्णाला नेमके काय कळलेले असते, आणि तेवढ्या कळण्यावर तो चिकित्सक होऊ शकतो का?

या परंपरेच्या आधुनिक शाखेचा आरंभ ऑस्ट्रियन साम्राज्यातील सायलेशियात, ग्रेफेनबर्ग या डोंगराळ खेड्यात झाला. तेथील शेतकऱ्याचा मुलगा व्हिन्सेंट्झ प्रीस्निट्झ (१७९९–१८५१) सोळा-सतरा वर्षांचा असताना गाडीखाली सापडला, त्याच्या बरगड्या मोडल्या, आणि तपासायला आलेल्या शल्यवैद्याने आशा सोडली. तेव्हा त्या शल्यवैद्याने बांधलेल्या पट्ट्या प्रीस्निट्झने काढून टाकल्या, श्वास रोखून खुर्चीच्या कडेवर पोट दाबत बरगड्या जागेवर आणल्या आणि छातीभोवती गार पाण्याच्या ओल्या पट्ट्या गुंडाळून तो बरा झाला, असा वृत्तान्त पुढे सर्वत्र पसरला. जेमतेम अक्षरओळख असलेल्या या माणसाकडे पुढील वीस-पंचवीस वर्षांत युरोपभरातून रुग्ण येऊ लागले आणि १८३९ साली एका वर्षात त्यांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. अधिकाऱ्यांना मात्र संशय होता की हा माणूस अंग पुसायला जो स्पंज वापरतो त्यातच काही वनस्पती किंवा जादू दडवलेली असावी. स्पंज तपासले गेले आणि पाण्यावाचून त्यात काही सापडले नाही. संशय घेणाऱ्यांनी चुकीची वस्तू तपासली, एवढेच म्हणावे लागते. मोडलेल्या बरगड्या, फुप्फुसाला इजा झालेली नसेल तर, साधारण सहा आठवड्यांत आपोआप जुळतात, हे तपासण्याजोगे होते. पण ते तपासण्यात कोणालाच रस नव्हता, विरोधकांना नाही आणि भक्तांनाही नाही.

दुसरे उदाहरण बव्हेरियातील विणकराचा मुलगा सेबास्टियन क्नाइप (१८२१–१८९७) याचे आहे, आणि ते अधिक बोलके आहे. धर्मशास्त्राचे शिक्षण घेत असताना त्याला क्षयाने गाठले. योहान सिगमुंड हान या अठराव्या शतकातील वैद्याचे थंड पाण्याच्या गुणांविषयीचे पुस्तक त्याच्या हाती पडले, आणि १८४९ च्या हिवाळ्यात तो डिलिंगेन येथे आठवड्यातून दोन-तीनदा डॅन्यूब नदीपर्यंत धावत जाऊ लागला. काही सेकंद बर्फगार पाण्यात बुडी मारायची, अंग न पुसता कपडे चढवायचे आणि पुन्हा धावत परतायचे, हा त्याचा नेम. तो बरा झाला, १८५२ मध्ये त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली, १८५५ पासून वोरिसहोफेन येथील जोगिणींच्या मठात तो धर्मगुरू म्हणून राहिला, आणि १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जलोपचारावरील पुस्तकाने ते गाव उपचारांचे क्षेत्र करून टाकले.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिला. म्हणजे १८४९ साली क्नाइपला झालेला आजार क्षयच होता हे ठरविण्याचे प्रयोगशाळेतले साधन त्या काळी अस्तित्वात नव्हते. क्षयच होता असे मानले, तरी स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे औषध येण्याच्या पूर्वीच्या काळातही काही क्षयरोगी कोणत्याही उपचारांशिवाय सावरत असत. उलट, ज्या क्षयरोग्याने हिवाळ्यात नदीत उडी मारली आणि जो आठ दिवसांत न्यूमोनियाने गेला, त्याने पुस्तक लिहिले नाही आणि त्याच्या नावाने गावही वसले नाही. भारतीय तर्कशास्त्रात याला काकतालीय न्याय म्हणतात: कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच वेळ येते, आणि पाहणाऱ्याला वाटते की कावळ्यामुळेच फळ पडले. ‘औषधावाचून खोकला गेला’ हे तर मराठी माणूस रोज म्हणतो. मात्र ज्याचा खोकला गेला त्याने त्या दिवशी मध-आले घेतलेले असले, की तो उरलेला जन्म मध-आल्याची शिफारस करीत राहतो. हा मनुष्यस्वभाव आहे, लबाडी नव्हे, आणि निसर्गोपचाराच्या टीकाकारांनी हा फरक फारसा पाळलेला नाही.

प्रचिती आणि प्रमाण हे दोन शब्द येथे वेगळे ठेवले पाहिजेत. प्रचिती म्हणजे स्वतःला आलेला अनुभव. ती खोटी नसते, कारण बरे वाटले हे बरे वाटणाऱ्याइतके दुसऱ्या कोणाला कळत नाही. प्रमाण म्हणजे त्या अनुभवाचे कारण अमुकच, दुसरे नव्हे, आणि ते दुसऱ्यालाही लागू पडेल, असे दाखविणारा पुरावा. निसर्गोपचारकाच्या वाटचालीतला कठीण टप्पा या दोहोंच्या मधला आहे, आणि जे पुढे खरोखर चिकित्सक झाले त्यांना तो टप्पा कोठे ना कोठे ओलांडावा लागला.

बेनेडिक्ट लस्ट (१८७२–१९४५) या जर्मन तरुणाचे चरित्र त्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तो १८९२ मध्ये अमेरिकेला गेला, तेथे क्षयाने खंगला, मायदेशी परतून क्नाइपच्या हाताखाली बरा झाला, आणि १८९६ मध्ये क्नाइपचा प्रतिनिधी म्हणून पुन्हा न्यूयॉर्कला आला. ‘नॅचरोपथी’ हा शब्द जॉन शील यांनी आधीच घडविला होता. लस्टने तो विकत घेतला, त्या नावाची शाळा काढली, मासिके चालविली, आणि परवान्याशिवाय वैद्यकी केल्याच्या आरोपावरून त्याला वारंवार अटकही झाली. याच माणसाने पुढे इतर वैद्यकपद्धतींच्या रीतसर पदव्या मिळविल्या. कायद्याच्या कटकटीपासून बचाव हा त्यामागचा एक हेतू असेलच, परंतु शरीररचना आणि विकृतिशास्त्र शिकल्यावाचून दुसऱ्याच्या देहाची जबाबदारी घेता येत नाही, हेही त्यातून मान्य झाले. हेन्री लिंडलार (१८६२–१९२४) याचा प्रवास याच प्रकारचा. मोंटाना राज्यात व्यापारात यशस्वी झालेला, भरपूर खाणारा आणि मधुमेहाने पोखरलेला हा गृहस्थ क्नाइपकडे जाऊन आला, प्रकृती सुधारल्यावर व्यापार बाजूला ठेवून त्याने शिकागोत वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि नंतर तेथेच आपले उपचारकेंद्र काढले.

लिंडलारच्या बाबतीत काकतालीय न्यायाचा आक्षेप तितका लागू पडत नाही, हे मुद्दाम नोंदवावे लागेल. इन्सुलिनचा शोध १९२१ चा. त्यापूर्वी मधुमेहावर आहारनियंत्रणाखेरीज कोणाकडेच काही नव्हते, आणि प्रौढ वयात वजन वाढल्याने जडणाऱ्या मधुमेहात खाणे घटविले, वजन उतरले व चालणे वाढले की रक्तातील साखर खाली येते, ही गोष्ट आज कोणताही डॉक्टर सांगतो. म्हणजे एकाच आश्रमातून, एकाच गुरूच्या हातून बरे झालेल्या दोघांपैकी एकाच्या प्रचितीमागे आज समजणारे कारण उभे आहे आणि दुसऱ्याच्या नाही. दोघांना मात्र आपापली खात्री सारखीच वाटत होती. खात्रीच्या तीव्रतेवरून कारणाचा खरेपणा ओळखता येत नाही, हे यावरून दिसते. पण ज्याला गुण आला आहे त्याला हे पटविणे फार अवघड असते.

लिंडलारने रुजविलेली एक कल्पना या संदर्भात तपासली पाहिजे. उपचार सुरू झाल्यावर ताप, पुरळ, जुलाब, अशक्तपणा असा त्रास उफाळला, तर तो रोग वाढल्याचे नव्हे तर शरीर मळ बाहेर टाकीत असल्याचे चिन्ह समजावे, अशी ती कल्पना होय. लाइपझिग येथे १८८३ मध्ये उपचारगृह उघडणारा लुई कुने याने तिला आधीच भूमी तयार करून ठेवली होती. त्याच्या मते सर्व रोग मुळात एकच असून शरीरात साठलेले ‘विजातीय द्रव्य’, म्हणजे शरीराला परका असलेला मळ, हे त्याचे कारण आहे, आणि चेहरा व मान यांच्या ठेवणीवरून तो मळ कोठे साठला आहे हे ओळखता येते. विजातीय द्रव्य हा शब्द भारतीय निसर्गोपचारात आजही रूढ आहे. या मांडणीतली अडचण अशी की रुग्ण सुधारला तर उपचार बरोबर, आणि बिघडला तरी उपचार बरोबरच. चूक कळण्याचा दरवाजाच त्यात शिल्लक राहत नाही. प्रशिक्षित निसर्गोपचारक आणि केवळ भारावलेला निसर्गोपचारक यांच्यातला फरक ओळखायचा असेल, तर उपासाच्या चौथ्या दिवशी चक्कर येऊन पडलेल्या रुग्णाकडे पाहून तो ‘मळ सुटतो आहे’ म्हणतो, की रक्तदाब मोजतो आणि साखर तपासतो, एवढे पाहिले तरी पुरते.

कुनेचा जो उपचार सर्वाधिक पसरला त्याचे स्वरूप पाहिल्यास ही पद्धती सामान्य माणसाच्या हाती इतक्या सहज का गेली हे कळते. कटिस्नानासाठी लागणारा टब पाठ टेकता येईल अशा आकाराचा असतो. त्यात बेंबीपर्यंत येईल इतके थंड पाणी घेऊन रुग्ण बसतो, त्याचे पाय आणि छाती बाहेर कोरडी राहतात, आणि खरखरीत ओल्या फडक्याने तो बेंबीपासून खाली व दोन्ही कुशींकडे ओटीपोट चोळत राहतो. पाच-दहा मिनिटांनी उठून अंग कोरडे करायचे आणि ऊब येईपर्यंत चालायचे. टब नसेल तर घरातले मोठे घंगाळ चालते. औषध, उपकरण, चिकित्सक यांपैकी काहीही न लागणारा हा उपचार पुस्तक वाचून घरी करता येतो, आणि म्हणूनच कुनेच्या पुस्तकाने भारतात अनेक वकील, शिक्षक, कारकून अशा शिकलेल्या गृहस्थांना हौशी चिकित्सक बनविले.

त्या गृहस्थांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. दक्षिण आफ्रिकेत असताना बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी यांनी त्रस्त झालेल्या गांधींनी अडॉल्फ जुस्ट या जर्मन लेखकाचे निसर्गाकडे परतण्याविषयीचे पुस्तक वाचून पोटावर मातीची पट्टी ठेवायला सुरुवात केली आणि त्यांना गुण आला. पण त्यांच्या या वाटचालीतील सर्वांत मोठी परीक्षा मुंबईत, गिरगावात, १९०२ साली झाली. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाला, मणिलालला, विषमज्वर झाला, सोबत न्यूमोनियाची लक्षणे दिसू लागली, आणि रात्री तो वातात बरळू लागला. बोलाविलेल्या पारशी डॉक्टरांनी सांगितले की औषधाचा फारसा उपयोग होणार नाही, अंडी आणि कोंबडीचा रस्सा द्यावा. वडिलांनी ते नाकारले, डॉक्टरांना नाडी व छाती तपासायला येत राहण्याची विनंती केली, आणि कुनेच्या पद्धतीने मुलाला तीन-तीन मिनिटांचे कटिस्नान व पाणी घातलेला संत्र्याचा रस सुरू केला. ताप १०४ अंशांवरून उतरेना. एका रात्री त्यांनी चादर भिजवून पिळली, ती डोके सोडून मुलाच्या सर्वांगाभोवती लपेटली, वर दोन कांबळी घातली, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला, मुलाला कस्तुरबांच्या स्वाधीन केले आणि जीव थाऱ्यावर नसलेला तो बाप चौपाटीवर फिरायला निघून गेला. परत आले तेव्हा दहा वाजून गेले होते, मुलाला घाम फुटला होता आणि ताप उतरू लागला होता. त्यानंतर चाळीस दिवस पातळ दूध आणि फळांचे रस यांवर ठेवून त्याला उभा केला गेला.

ही हकीकत निसर्गोपचाराच्या प्रचारपुस्तिकांत चमत्कारासारखी छापली जाते. मूळ आत्मचरित्रात मात्र गांधींनी तिच्या शेवटी, मुलगा ईश्वरकृपेने वाचला, जलोपचाराने वाचला, की पथ्य व शुश्रूषेने वाचला हे कोण सांगणार, अशा अर्थाचा प्रश्न टाकून तो उघडाच ठेवला आहे. (पुढे आपली श्रद्धा कोठे होती हे ते सांगतात, पण श्रद्धा म्हणून सांगतात.) आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. विषमज्वरावर परिणामकारक ठरलेले पहिले प्रतिजैविक, क्लोरॅम्फेनिकॉल, १९४८ च्या सुमारास आले; त्यामुळे १९०२ साली त्या पारशी डॉक्टरांकडेही औषध नव्हते आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे सांगितले होते. गिरगावातला तो वाद औषध विरुद्ध निसर्ग असा नव्हताच. तो कोंबडीचा रस्सा की संत्र्याचा रस, असा दोन पथ्यांमधला वाद होता. तीन-चार आठवड्यांनी उतरणारा ताप दोन्ही पथ्यांवर कदाचित उतरलाही असता, किंवा आतड्याला छिद्र पडून दोन्ही पथ्यांवर मूल दगावलेही असते.

हाच माणूस १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात आंत्रपुच्छाच्या दाहाने आजारी पडला, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्या हातून झालेल्या शस्त्रक्रियेला त्याने संमती दिली. १२ जानेवारीच्या रात्री शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि ती कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली. पोटावर मातीची पट्टी ठेवून थांबण्याचा हा प्रसंग नव्हे, हे त्या वेळी ओळखले गेले, आणि निसर्गोपचारकाच्या शिक्षणात हा प्रसंग मणिलालच्या प्रसंगाइतकाच ठळकपणे शिकविला जावा, असे प्रस्तुत विवेचनाचे मत आहे.

महाराष्ट्रात या पद्धतीला संस्थेचे रूप आले ते पुण्यात, स्टेशनाजवळच्या ताडीवाला रस्त्यावर. डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधींनी चाळीसच्या दशकात अनेकदा मुक्काम केला, आणि १८ नोव्हेंबर १९४५ रोजी दोघांच्या सहभागाने अखिल भारतीय निसर्गोपचार न्यासाची स्थापना झाली. हाच दिवस आता निसर्गोपचार दिन म्हणून पाळला जातो. परंतु शहरात राहून गरिबांसाठी संस्था चालविण्याची कल्पनाच फसवी आहे, असे गांधींना थोड्याच महिन्यांत वाटू लागले, आणि १९४६ च्या मार्चअखेर ते पुणे-सोलापूर लोहमार्गावरील उरुळीकांचन येथे जाऊन आठवडाभर राहिले. महादेव तात्याबा कांचन यांनी दिलेल्या जमिनीवर तेथे आश्रम उभा राहिला. मागे राहून काम पाहण्याची जबाबदारी मणिभाई देसाई या तरुणावर आली. ते रूढ अर्थाने चिकित्सक नव्हते, आणि पुढे त्यांचे नाव झाले ते गोपालन व ग्रामविकासाच्या कामामुळे. विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे मात्र या व्याख्यानाच्या सूत्रात नेमके बसतात: क्षयाने जर्जर झालेला रुग्ण म्हणून त्यांचा निसर्गोपचाराशी संबंध आला आणि पुढे त्याच आश्रमाच्या कामाशी ते दीर्घकाळ जोडलेले राहिले. ताडीवाला रस्त्यावरच्या वास्तूत १९८६ पासून केंद्र शासनाची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था काम करते.

आजचा निसर्गोपचारक मात्र या वाटेने येत नाही, आणि हा बदल वाटतो त्याहून मोठा आहे. बारावीला विज्ञान शाखा घेतलेला अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी निसर्गोपचार व योगविज्ञान या विषयाच्या पदवीला प्रवेश घेते. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता, म्हणजे रुग्णालयात देखरेखीखाली केलेले काम, अशी साडेपाच वर्षे त्यात जातात. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, विकृतिशास्त्र हे विषय इतर वैद्यकीय विद्यार्थ्यांप्रमाणेच शिकावे लागतात आणि त्यांच्या जोडीला जलोपचार, लंघन, आहारशास्त्र, मर्दन, योग येतात. पहिल्या पिढीकडे प्रचिती होती आणि शिक्षण नव्हते. या पिढीकडे शिक्षण आहे, पण यांतले बहुतेक कधी इतके आजारी पडलेलेच नसतात की ज्यातून प्रचिती यावी. कोणी म्हणेल की हे चांगलेच झाले. परंतु आठवडाभर उपास केलेल्या माणसाचे तोंड कसे कडू होते, संध्याकाळी त्याची चिडचिड कशी होते, शेजारून येणारा फोडणीचा वास त्याला किती छळतो, हे पुस्तकातून कळत नाही. आणि ज्याला ते ठाऊक नाही तो रुग्णाला चार दिवसांचा उपास फार सहजपणे सांगून मोकळा होतो.

कायद्याची बाजू याहून अपुरी आहे. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा, म्हणजे हिमालयीन प्रदेशातील तिबेटी वैद्यक, या चार पद्धतींसाठी २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय आयोग नेमला. निसर्गोपचाराचा त्यात समावेश नाही, त्यामुळे नोंदणी व नियंत्रण हा प्रत्येक राज्याच्या मर्जीचा प्रश्न होऊन बसला आहे. परिणामी साडेपाच वर्षे घासून पदवी मिळविलेला चिकित्सक आणि काही महिन्यांच्या पत्रद्वारा अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून नावामागे ‘डॉक्टर’ लिहिणारा माणूस एकाच रस्त्यावर समोरासमोर बसू शकतात, आणि रुग्णाला दोघांतला भेद पाटीवरून कळत नाही. पत्रद्वारा शिकलेल्यांपैकी कित्येक जण जुन्या वाटेनेच आलेले, म्हणजे स्वतःला गुण आला म्हणून या व्यवसायात शिरलेले असतात, आणि त्यांच्या कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. धोका असतो तो कळकळीच्या भरात दिलेल्या एका सल्ल्यात: चालू असलेले इन्सुलिन, फेफऱ्याची गोळी किंवा क्षयाचा औषधक्रम बंद करा. रुग्ण हे आनंदाने ऐकतो, कारण तोच सल्ला ऐकायला तो आलेला असतो.

दहा वर्षांचे, १०४ अंश ताप असलेले आणि रात्री बरळणारे मूल घेऊन आज कोणी निसर्गोपचारकाच्या दारी आले, तर पदवीधर चिकित्सकाचे काम ठरलेले आहे. त्याने नाडी, श्वास आणि पोट तपासावे, किती दिवसांचा ताप आहे व आधी काय दिले आहे हे लिहून घ्यावे, रक्त तपासण्याची सोय असलेल्या रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी लिहावी आणि पोराच्या बापाला गाडी आणायला पाठवावे. गाडी येईपर्यंत कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने त्याला मुलाचे अंग पुसता येईल, आणि संत्र्याचा रसही पाजता येईल.